सात घरांचं पाणी

१३ सप्टेंबर

ज्या माणसाशी बोलायला हवं त्याच्याशी बोलायची हिंमत होत नाही, म्हणून ही वही काढली आहे. ते माणूस आत्ता स्वयंपाकघरात भांडी आपटतं आहे. माझी धाकटी बहीण, चिमी; निवृत्त झाल्यावर या हंगामापुरती मी तिच्याकडे राहायला आले आहे. साठी ओलांडली, दाराच्या चौकटीतून तिरकी होऊन जाते, तरी नाव चिमीच.

मुद्दाम मराठीत लिहिते आहे. कॉन्व्हेंट शाळेत घरची भाषा तोंडातून निघाली की मदर दंड करायच्या, आणि पुढे तीस वर्षं सगळे अहवाल इंग्रजीत लिहिले. त्या भाषेत मला फार सफाईने लपता येतं. ‘पाण्याची पाळी सोडून देण्यात आली’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. कुणी सोडली हे विचारायला कुणी येत नाही.

तर, पाळी मी सोडायला लावली.

इथे कालव्याचं पाणी पाळीने मिळतं. आमच्या गटात सात घरं आहेत. दर दहा दिवसांनी पाटकरी येऊन पाटाचं दार उघडतो आणि सातही घरांची भातखाचरं भरतात. कुणी आधी, कुणी नंतर, हे चिमी ठरवते. दहा वर्षं ती गटप्रमुख आहे, पाटाच्या दाराची किल्ली तिच्या कनवटीला असते. पाण्यावरून भाऊ भावाचं डोकं फोडतो, पण या सात घरांत चिमीने एकदा क्रम सांगितला की कुणी ब्र काढत नाही. नवरा गेला, मुलगा परदेशी बसला, पण हा मान तिच्याकडे राहिला.

मागच्या पाळीला मी म्हणाले, “या वेळी घेऊ नकोस. नळीत पाणी चार बोटांवरच आहे.” नळी म्हणजे खाचरात पुरलेला भोकाभोकांचा पाइप. आत डोकावलं की जमिनीखाली पाणी किती खोल गेलं ते कळतं. भाताचं खाचर सतत तुंबलेलं राहिलं की चिखलातून मिथेन वायू निघतो आणि हवा तापवतो. मधूनमधून सुकू दिलं की तो निघत नाही. पाणी वाचतं, पीक घटत नाही. शेतकऱ्याला हा उपाय फुकटात पडतो हे मी आकड्यांनी सिद्ध केलं. माझी नोकरी, बढत्या, परदेशवाऱ्या, सगळं त्या ‘फुकटात’वर उभं आहे.

एकट्या चिमीचं खाचर सुकवून भागणार नव्हतं, कारण शेजारच्या खाचरातून पाणी पाझरतं. सुकवायचं तर सातही घरांनी. चिमीने सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि म्हणाली, “माझी ताई सांगते आहे.” एवढंच. सगळे हो म्हणाले. आमचं पाणी खालच्या गटाला गेलं.

काल मुख्य कालव्याची भिंत फुटली. पाणी बंद. आणि भात पोटरीत आलं आहे, म्हणजे लोंब्या पानाच्या आवरणात तयार आहेत, आठवड्याभरात फुलोरा येईल. भाताला जन्मात एकदाच पाणी द्यायचं ठरवलं तर ते याच दिवसांत द्यावं लागेल.

माझ्या सूत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की सोडलेलं पाणी हवं तेव्हा परत मिळतं.

१४ सप्टेंबर

पाटकरी सायकलवरून चालला होता, त्याला अडवलं.

“पाणी कधी?”

“साहेब म्हणाले, लवकर.”

“लवकर म्हणजे किती?”

“बाई, साहेबांचं लवकर.”

त्याला काय झापणार? झापलं तरी.

१६ सप्टेंबर

कालव्याच्या कचेरीत जाऊन आले. भिंत रंगवलेली, पंखा बंद, आणि टेबलावर काचेखाली साहेबांच्या मुलांचे फोटो. मी म्हटलं, कालव्याची भिंत रंगवायला दिली होती की बांधायला? दुरुस्तीचा निधी कुठे गेला? मी कोण, कुठकुठल्या समित्यांवर होते, हे सगळं सांगून झालं. आवाज चांगलाच चढला होता. बाहेरचे कारकून दाराशी येऊन उभे राहिले.

इंजिनियर तरुण आहे, चेहरा थकलेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, खालच्या गटाची खाचरं काठोकाठ आहेत. वरच्या गटाचीही. बोंब फक्त तुमच्याच गटाची कशी काय?”

मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही.

“नाही, विचारलं आपलं.”

परतीच्या बसमध्ये कान तापलेले होते. कचेरी नालायक आहेच. ते मी मागे घेणार नाही. पण रस्ताभर मी तिच्या नालायकपणाला घट्ट धरून बसले होते, आणि चिमीच्या दारात आल्यावर हात सोडावा लागला. तिने विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “उद्धट आहेत.”

१८ सप्टेंबर

खाचराला भेगा पडल्या आहेत. नळीत डोकावले, तळ दिसला. नळी उपटून टाकावीशी वाटली, पण माझ्या जुन्या संस्थेच्या मोजणीत ती लागते. तरीही उपटावीशी वाटली.

आज चिमीच्या विहिरीवर पंप बसवला. घरापुरती, भाजीपुरती विहीर. दिवसाला तासभर पंप चालतो, मग खडखडायला लागतो. हिशेब केला. सात घरांत वाटलं तर कुणाचंच वाचत नाही. एकाच खाचराला दिलं तर ते एक नक्की वाचतं. गणित सरळ आहे. चिमीचं तरी वाचेल म्हणून मला जरा हायसं वाटलं.

१९ सप्टेंबर

विहिरीचं पाणी चिमीने शेजारणीच्या खाचरात सोडलं!

ही शेजारीण म्हणजे उंच, हाडकुळी, कमरेला पदर खोचून बांधावर उभी असते, आणि सगळ्या जगाची झडती घेतल्यासारखी बघते. मी मनात तिला फौजदार म्हणते. सकाळी बघते तर विहिरीपासून पाइप चिमीच्या खाचराला ओलांडून पलीकडे गेलेला, आणि फौजदार खोऱ्याने वाट करून देते आहे.

घरी येऊन मी चिमीला फैलावर घेतलं.

“अगं, काय चालवलं आहेस? विहीर आपली आहे ना?”

“आपलीच आहे.”

“मग?”

“तिचं भात आधी फुलणार. बघ जाऊन.”

“आणि तुझं?”

“माझं मागून येतंय.”

“दोन दिवसांनी! दोन दिवसांनी तुझं फुलेल तेव्हा विहिरीत असेल का काही?”

“बघू.”

“बघू म्हणजे काय? चिमे, तू लहानपणापासून अशीच. खेळात स्वतःचा डाव दुसऱ्याला देऊन टाकायचीस आणि मग कोपऱ्यात बसून रडायचीस.”

“आता रडत नाही ना?” म्हणाली, आणि भाजी चिरायला घेतली.

मूर्खपणाला सीमा असते. एकाच खाचराचं वाचणार हे मीच तिला समजावलं होतं. समजलं नसेल तर पुन्हा समजावून सांगायला हवं.

२२ सप्टेंबर

समजलं होतं तिला. आज पुन्हा समजावायला गेले तर तिनेच मला माझं गणित म्हणून दाखवलं. “सातांत वाटलं तर कुणाचं नाही, एकाला दिलं तर एकाचं. मग एकाचं म्हणजे कुणाचं गं? माझं? उद्या मी या लोकांत कुठल्या तोंडाने बसू?”

मी म्हटलं, तोंडाचा काय संबंध, पिकाचं बोल.

ती हसली. माझा अपमान झाला असं वाटलं, पण नेमका कशाने ते कळलं नाही.

२७ सप्टेंबर

चिमीचं भात रखडत, उशिराने का होईना, फुललं. कोरड्या जमिनीत, कडक उन्हात. फुलोरा पांढुरका, बघायला सुरेखच. मी भाताबद्दल आयुष्यभर लिहिलं, पण फुलोरा इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. हात लावला तर झडला.

बाहेर पडायला नको वाटतं. सहाही घरांवरून जावं लागतं. कुणी काही बोलत नाही. उलट, “या मॅडम, बसा, चहा घ्या.” परवा एका घरी चहा घ्यावाच लागला. साखर जास्त घातली होती, माझ्यासाठी. घरधनी बाहेर येऊन माझी प्रकृती विचारून गेला. चिमी मात्र तिथून गेली तर तो तोंड फिरवतो. हे मी स्वतः खिडकीतून पाहिलं.

५ ऑक्टोबर

कालव्याला पाणी आलं. पाटकरी घंटी वाजवत आला, मोठी वर्दी दिल्यासारखा. सात खाचरं भरली. मेलेल्या माणसाला औषध पाजल्यासारखं दिसत होतं.

चिमीने नेहमीप्रमाणे क्रम सांगितला. एका घराने तो मानला नाही, स्वतःच दार उचललं. चिमी बांधावर नुसती उभी राहिली. पाटकरी जमिनीकडे बघत होता, आणि मी पाटकऱ्याकडे.

२० ऑक्टोबर

संस्थेच्या संचालकाचा फोन. माझाच विद्यार्थी. पहिल्या वर्षाला साधा भागाकार चुकवायचा, आता गाडीला चालक आहे.

“मॅडम, बसल्या आहात ना? बसा. तुमच्या बहिणीचं खाचर! आपल्या सगळ्या प्रकल्पात सर्वांत कमी मिथेन. इतका कमी की मुलींनी पेट्या तपासून पुन्हा मोजला.”

मुली म्हणजे संस्थेतल्या संशोधक. आठवड्यातून एकदा येतात, खाचरावर पारदर्शक पेटी पालथी घालतात आणि वर साठलेला वायू सुईने काढून नेतात. त्यांची पहिली फेरी होती त्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाळी सोडली होती.

“परिषदेत उद्घाटनाचं भाषण तुमचंच. पडद्यावर खाचराचा फोटो, शेजारी तुम्ही. निवृत्तीनंतर मॅडमनी स्वतःच्या मातीत करून दाखवलं! काय म्हणता?”

मी म्हटलं, विचार करून सांगते.

२२ ऑक्टोबर

इथे खरं लिहायचं ठरवलं आहे, तर हेही लिहिते. दोन दिवस मी खूश होते. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भाषणाची सुरुवात म्हणून पाहिली. कुठली साडी नेसायची तेसुद्धा ठरवलं, राखाडी, बारीक काठाची. आज चिमी केरसुणी घेऊन आत आली आणि मी तोंड उघडं ठेवून उभी. तिने विचारलं, “दाढ दुखतेय का?”

मी हो म्हटलं. तिने लवंग आणून दिली. दुखत नसलेल्या दाढेखाली लवंग धरून तासभर बसले.

९ नोव्हेंबर

कापणी, मळणी. चिमीच्या अंगणात ढीग पडला आणि वाऱ्याला धरल्यावर बहुतेक ढीग उडून गेला. नुसती पोचट फोलं. जे खाली राहिलं ते चिमीने कोपऱ्यात दोन पोत्यांत भरलं. दुसऱ्या पोत्याचं तोंड बांधायलाही अडचण आली नाही, इतकी जागा वर शिल्लक होती. बाकी पाच घरांची खाचरं सखल, त्यांचं आमच्यापेक्षा बरं, म्हणजे तरी निम्म्याच्या खाली. फौजदारचं एकटीचं अंगण भरलं.

मुली वजन घ्यायला आल्या होत्या. वजनकाट्यासमोर त्यातली एक मला हळूच म्हणाली, “मॅडम, उत्सर्जन कमी कारण झाड वाढलंच नाही, मुळांनी वायू बनेल असं काही सोडलंच नाही. म्हणजे हे यश नाही ना?”

मी तिच्यावर खेकसले. “निष्कर्ष काढायची घाई करू नकोस!” संध्याकाळपर्यंत ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलगी बरोबर होती आणि मला ते तिच्या आधीपासून माहीत होतं. फोन आला त्या क्षणापासून. आरशासमोरसुद्धा.

१० नोव्हेंबर

मीच फोन लावला. म्हटलं, क्विंटलमागे किती वायू निघाला ते सांग.

“मॅडम, आपण हेक्टरमागे सांगतो. पहिल्यापासून.”

“ते ठाऊक आहे. मी क्विंटलमागे विचारते आहे.”

थोडा वेळ कागदांची खसखस. मग म्हणाला, “आकडा विचित्र येतो हो. सगळ्यात वाईट येतो. भातच नाही ना भागायला.” आणि घाईघाईने, “म्हणूनच हेक्टरी बरं. खोटं तर नाही ना ते?”

नाही. खोटं अजिबात नाही. एकही आकडा चुकीचा नाही. फोन ठेवला आणि हात धुऊन आले. का, माहीत नाही.

१६ नोव्हेंबर

पाणीवाटप संस्थेची सभा. शाळेची खोली, लहान मुलांचे बाक, त्यावर मोठ्या माणसांचे गुडघे छातीला टेकलेले. विषय एकच, आमच्या गटाला नवा प्रमुख हवा.

मी ठरवूनच गेले होते. चिमीला सांगितलं नव्हतं. हात वर केला, उभी राहिले, आणि म्हणाले, “पाळी सोडायचा सल्ला माझा होता. चिमीचा नाही. नळीत बघून मी सांगितलं. दोष द्यायचा तर मला द्या. तिचं पद काढू नका.”

एवढी छोटी वाक्यं मी कधीच बोलत नाही. दोन्ही हातांनी बाक धरला. वाटलं होतं, आता कुणीतरी उठेल, ओरडेल. मी तयार होते. खरं म्हणजे त्याचीच वाट बघत होते.

अध्यक्ष म्हातारे आहेत, सौम्य. म्हणाले, “बसा बाई, बसा. ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“मग?”

“तुम्ही पाहुण्या. तुमची इथे जमीन नाही, पाळी नाही. तुम्ही सांगाल ते भल्यासाठीच सांगाल. पाहुण्यांवर कुणी रागावतं का?”

दोघातिघांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, “मॅडमना पाणी द्या रे कुणीतरी.” प्यायला.

“गटाचं पाणी राखायचं काम प्रमुखाचं,” अध्यक्ष म्हणाले. “पाहुणा काहीही म्हणो. नाही म्हणायचं होतं तर तिने म्हणायला हवं होतं.”

हात वर झाले. फौजदारला प्रमुख केलं. विहिरीचं पाणी जिच्या खाचरात गेलं, ती! चिमीसाठी एक शब्द बोलेल असं वाटलं होतं. ओठ घट्ट मिटून बसली होती. कृतघ्न बाई.

चिमीने पाटाच्या दाराची किल्ली कनवटीतून काढून टेबलावर ठेवली. नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “चल, ऊन होतंय.”

१७ नोव्हेंबर

काल घरी येताना जे बोलणं झालं ते काल लिहवलं नाही.

मी म्हणत होते, हे लोक अडाणी आहेत, तू माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवलास यात तुझा काय गुन्हा? शास्त्रावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला शिक्षा करतात!

चिमी थांबली. रस्त्याच्या मधोमध.

“ताई, मला पटलं नव्हतं.”

“काय?”

“ते नळीचं. पोटरीच्या तोंडावर पाळी सोडायची नसते हे मला कळत होतं. पुढची पाळी येईलच याचा इथे कधी भरवसा असतो का?”

“मग बोलली का नाहीस?”

“दुसऱ्या दिवशी तुझी माणसं येणार होती. गाडी घेऊन, त्या पेट्या घेऊन. खाचर भरलेलं असतं तर त्यांच्यापुढे तुझं काय राहिलं असतं? निवृत्त झाल्यापासून तुला कुणी विचारत नाही, हे दिसत होतं मला. आणि एरवी तू कधी दोन दिवसांवर राहिलीस का इथे? या वेळी हंगामभर राहते म्हणालीस. टेबल आणलं तुझ्यासाठी.”

मी चष्मा काढून पदराने पुसायला लागले.

“वाटलं, निभावून जाईल,” चिमी म्हणाली. “नाही निभावलं. सभेत ते म्हणाले ते खरंच आहे. नाही मीच म्हणायला हवं होतं.”

दोन महिने मला एका गोष्टीची लाज वाटत होती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी तिला बुडवलं. आता कळलं, त्या लाजेतसुद्धा एक ऐट होती. विश्वास नव्हताच. नुसती माया होती. सात घरांचं पाणी माझी इभ्रत राखायला गेलं, आणि मी त्याला शास्त्राचा विजय समजत होते.

विहिरीचं पाणी तिने शेजारी का दिलं, तेही आता कळतं. मी तिला मूर्ख म्हणाले होते. खेळातला डाव काढला होता.

१९ नोव्हेंबर

संचालकाला सांगितलं, भाषण करणार नाही. फोटो लावायचा नाही. चिमीच्या खाचराचा आकडा छापायचा तर क्विंटलमागचा शेजारी छापायचा, नाहीतर दोन्ही गाळ.

“मॅडम, अहवाल जवळजवळ झालाय.”

“मग जवळजवळ पुन्हा कर.”

त्याने उसासा टाकला. मग, “एक रकाना राहिलाय. शेतकऱ्याची संमती. मी ‘स्वेच्छेने’ टाकतो.”

“नको.”

“मग काय लिहू? सक्ती तर नव्हती.”

“लिही, बहीण होती म्हणून हो म्हणाली. बाकीचे सहा, घरी पाहुणी आलेली म्हणून हो म्हणाले.”

“मॅडम, तसा पर्याय नाही त्यात.”

“माहीत आहे. पर्याय मीच ठरवले होते.”

तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. मला मात्र तीस वर्षांतली अंगणं दिसत होती. आम्ही गाडीतून उतरायचो, खुर्च्या मांडल्या जायच्या, चहा यायचा, आणि प्रश्न विचारला की घरधनी म्हणायचा, “हो, करू की.” त्या ‘करू की’ची टक्केवारी काढून मी आलेख रंगवले. त्यातले किती जण फक्त माझा चहा थंड होऊ नये म्हणून हो म्हणाले असतील?

उद्या निघते. चिमी ‘राहा’ म्हणाली नाही. म्हणाली असती तरी मला राहता आलं नसतं.

१२ डिसेंबर

माझी स्वतःची खोली. तिसरा मजला, समोर भिंत. नळ उघडला की पाणी येतं. रोज येतं. हवं तेव्हा. सूत्र कुठे बसून लिहिलं होतं ते आठवलं.

चिमीला फोन करायला धजत नाही. तीन वेळा नंबर लावून ठेवला. चौथ्यांदा लावला तर शेजारच्या खोलीतल्या बाई आल्या, गॅसचं विचारायला. बरं वाटलं, लाज वाटली बरं वाटल्याची.

४ जानेवारी

चिमीचाच फोन.

“पुढच्या हंगामाआधी पाटातला गाळ काढायचाय. घरटी दोन माणसं. मजूर सगळे दुसरीकडे गेलेत.”

“मग?”

“मग काय? येतेस का? घरात दुसरं आहे कोण?”

मी म्हटलं, “कंबर दुखते माझी.”

“माझीही दुखते.”

“सगळे असतील ना तिथे?”

“सगळेच असतात, ताई. पाट सगळ्यांचा आहे.”

९ जानेवारी

हात सोलवटले आहेत, पेन धरवत नाही, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी सात घरांची चौदा माणसं पाटात उतरली. मला चिमीचा जुना गाऊन, वर तिच्या मुलाचा शर्ट, पायात मोठे बूट. मी खाली उतरले तेव्हा एक जण धावत आला. “मॅडम, तुम्ही कशाला? वर बसा, सावलीत.” मी म्हटलं, घरटी दोन माणसं आहेत ना? चिमीकडे दुसरं माणूस मी आहे. तो गोंधळून बाजूला झाला.

पाटातला गाळ काळा, वास मारणारा. अर्ध्या तासात मी धापा टाकायला लागले आणि माझं घमेलं कलंडलं. सगळा गाळ परत पाटात, फौजदारने नुकत्याच साफ केलेल्या तुकड्यावर.

तिने खोरं टाकलं. आणि सुटली.

“डोळे फुटले का तुझे? सकाळपासून हा तुकडा काढतेय मी!”

मी सॉरी म्हटलं.

“सॉरी? काय सॉरी? गाळाचं सॉरी की त्या पाण्याचं? सात घरं बुडवलीस तू! पाइप पुरलास आणि खुर्ची टाकून बघत बसलीस! आमच्या पोरांच्या तोंडातलं काढलंस आणि चहाही आमच्याकडेच प्यालीस! आणि मला ठाऊक आहे, मनात म्हणत असशील, हिला पाणी मिळालं तरी ही सभेत गप्प बसली. कशी बोलू? ही तुझी बहीण, तिने विहीर उपसून माझं शेत भरलं. मी नको म्हणत होते, पाया पडले तिच्या. ऐकेना. आता माझं एकटीचं अंगण भरलं म्हणून सहा घरं मला टोचून खातात. मी तिच्या बाजूने बोलले असते तर म्हणाले असते, हिला विकत घेतलं. ते पीक मला गोड लागलं असेल का? दाणे निवडताना रडले मी! किल्ली माझ्या कमरेला आहे, बघ, ही, आणि रोज चटका बसतो तिचा. हे सगळं तुझ्यामुळे! सभेत उठून म्हणे दोष मला द्या. दोष काय प्रसाद आहे का, मागितला की वाटायला?”

पाटात कुणी हलत नव्हतं. मी चिखलात उभी. चष्म्यावर शिंतोडे, पुसायला स्वच्छ बोट नाही. मला आयुष्यात कुणी असं बोललेलं नाही. मदरनीसुद्धा नाही. आणि ‘तू’ म्हणून तर नाहीच.

उत्तरं येतात मला. जन्मभर आली. आज तोंड उघडलं तर एवढंच बाहेर पडलं, “खरं आहे.”

“खरं आहे म्हणते!” ती पाटातल्या सगळ्यांना ओरडून म्हणाली. “ऐका!”

ऐकत होतेच सगळे. अध्यक्षही होते, काठावर, काठी टेकून. यावेळी कुणीच म्हणालं नाही की असू दे, पाहुण्या आहेत.

मी चिमीकडे पाहिलं. ती मध्ये पडली नाही. खाली वाकली, माझं कलंडलेलं घमेलं उचललं, आतला चिखल झटकला आणि माझ्या हातात दिलं.

मी भरायला लागले. फौजदार कमरेवर हात ठेवून बघत होती. उचलायला गेले तशी तिने घमेल्यात एक नजर टाकली.

“एवढंच? काठापर्यंत भर.”